असेंडर (वृक्षकामातील वापर)

टांगलेल्या दोरावरून वर चढण्यासाठी वापरायचे यांत्रिक साधन. दोर त्यातून एकाच दिशेने सरकतो: असेंडर वर ढकलला की सहज जातो, खाली वजन आले की जागीच पकडतो. गिर्यारोहकांच्या बोलण्यात याला सर्रास जुमार म्हणतात, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. मुळात ते एका विशिष्ट साधनाचे नाव आहे. अडोल्फ युसी आणि वॉल्टर मार्ती या दोन स्विस गिर्यारोहकांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरे जोडून ते तयार झाले आणि १९५८ मध्ये साधन बाजारात आले. त्याआधी हेच काम दोऱ्यांच्या गाठी करीत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध गाठ १९३१ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी मांडली. ती आजही निवृत्त झालेली नाही, हे पुढे दिसेलच.

हाताच्या असेंडरमध्ये धातूच्या चौकटीला एक दातेरी कॅम (फिरून दोर दाबणारा तुकडा) स्प्रिंगने बसवलेला असतो. दात खाली झुकलेले असल्यामुळे वर जाताना ते दोरावरून घसरतात आणि वजन येताच त्याच्या आवरणात रुततात. असेंडरची सोय या रुतण्यात आहे, आणि धोकाही त्यातच आहे. वृक्षकामाचा दोर बहुधा गाभा आणि त्यावर विणलेले आवरण असा दुहेरी असतो. चढणाऱ्याचे स्थिर वजन दात आरामात पेलतात. पण अचानक झटका बसला तर साधारण ४ ते ६ किलोन्यूटनच्या (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो वजनाएवढा जोर) आसपास ते आवरण फाडू लागतात. कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) त्याच्या लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन किंवा त्याहून अधिक भार घेतो. त्यामुळे ‘सगळे साहित्य मजबूत आहे’ या समजुतीत असेंडरला धरता येत नाही. तो चढण्याचे साधन आहे, पडणाऱ्याला झेलण्याचे नाही.

म्हणून दोरात ढील नसावी, हा पहिला नियम. कमी ताणल्या जाणाऱ्या दोरांच्या युरोपीय मानकात (ईएन १८९१, अ प्रकार) १०० किलो वजनाची ०.३ गुणकाची पडझड घेऊन चाचणी होते आणि झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. गुणक म्हणजे पडण्याचे अंतर भागिले झेलणाऱ्या दोराची लांबी. डोक्यावर १० मीटर दोर असेल तर हाताएवढी ढील फारशी जाणवत नाही. अँकर (दोर वर जिथे अडकवला आहे ती जागा) २ मीटरवर आला की तोच गुणक गाठायला ६० सेंटिमीटर पुरतात. थकलेला चढणारा ‘पोहोचलोच’ म्हणून शेवटच्या फांदीवर पाय टेकवतो, उभा राहतो, आणि छातीपुढचा दोर सैल होतो. धोक्याची जागा ती. अँकरच्या पातळीवर किंवा त्याच्या वर जायचे असेल तर आधी कमरेची लॅनयार्ड (बांधून घेण्याचा आखूड दोर) खोडाभोवती टाकून स्वतःला बांधून घ्यावे आणि मगच असेंडरला हात लावावा.

एका असेंडरवर जीव सोपवू नये. नेहमीच्या मांडणीत छातीचा एक, हाताचा एक आणि पायाचा एक असे असेंडर असतात, पण पायाचा असेंडर मोजणीत धरायचाच नाही. तो फक्त जोर लावण्यासाठी असतो. अनेक नमुन्यांत खटकाही (कॅम चुकून उघडू न देणारी कळ) नसतो आणि पाय मागे झटकला की दोर सुटतो, तशीच त्याची रचना असते. हाताचा असेंडर हार्नेसला (अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना) स्वतंत्र लॅनयार्डने जोडलेला हवा, नुसता मुठीत धरलेला नव्हे. शिवाय दातांशिवाय पकडणारा एक आधार ठेवण्याची पद्धत चांगली: प्रुसिकसारखी घर्षणाची गाठ किंवा त्या कामासाठी बनवलेले साधन. असेंडरवर दोराची जाडी कोरलेली असते, उदाहरणार्थ ८ ते १३ मिलिमीटर. आपला दोर त्या मर्यादेत आहे का हे जमिनीवरच पाहावे.

झाड हे कड्यापेक्षा वेगळे. दोर सरळ खाली लटकेलच असे नाही. तो फांदीला टेकून तिरका येतो, तेव्हा असेंडर कलतो आणि दोर चौकटीतून बाहेर सरकण्याच्या बेतात येतो. उपाय सोपा आहे: वरच्या भोकात कॅराबिनर अडकवून दोर त्याच्या आतूनच जाऊ द्यावा. काटक्या खटक्यात अडकून कॅम उघडू शकतात. चीक आणि डिंक दातांत साठला तर पकड ढिली पडते. ओल्या, शेवाळलेल्या किंवा मातीने माखलेल्या दोरावरही तेच. प्रत्येक असेंडर लावल्यावर आधी त्यावर हळूच भार टाकून पाहायचा आणि मग वर जायचे, ही सवय अंगात मुरलेली हवी.

थोडे खाली यायचे झाल्यास नवशिका खटकाच उघडतो. ही चूक महागात पडते. पायाच्या दोरफासावर उभे राहून असेंडरवरचा भार काढावा, तो किंचित वर सरकवावा, अंगठ्याने फक्त कॅम दाबून वीतभर खाली आणावा; खटक्याला हात लावायचा नाही. ‘किंचित वर’ सरकवण्याची ही गरज लक्षात ठेवावी: असेंडर गाठीला किंवा फांदीला अगदी भिडेपर्यंत ढकलला तर वर जायला जागा उरत नाही आणि तो सुटता सुटत नाही. लांबवर उतरायचे असेल तर दोरावरच उतरण्याच्या साधनावर बदली करावी. ही बदली जमिनीपासून फूटभर उंचीवर घोटून घेतलेली नसेल तर वर जाऊ नये.

अँकरचे गणितही वेगळे. दोर फांदीवरून फिरवून बुंध्याशी बांधला तर फांदीवर चढणाऱ्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. म्हणून चढण्यापूर्वी दोघांनी मिळून दोराला लटकून फांदी तपासतात, आणि पोकळ, किडलेली किंवा वाळकी फांदी सोडून देतात. बुंध्याशी मात्र एक मोठी सोय आहे: तिथे गाठीऐवजी सोडता येणारे साधन लावले तर बेशुद्ध माणसाला खालूनच उतरवता येते. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहणे थोड्या वेळातच घातक ठरू शकते, त्यामुळे ही सोय ऐच्छिक मानू नये. त्यासाठी दोर पुरायला हवा. फांदी २० मीटरवर असेल तर बुंध्यापासून वर २०, चढणाऱ्याच्या बाजूला खाली २०, आणि त्याला सोडत आणण्यासाठी बुंध्याशी राखून ठेवलेले आणखी २०. म्हणजे ६० मीटर. अनेक जण ४० मीटरचा दोर आणून निश्चिंत होतात.

करवत चालवायची वेळ आली की असेंडरवर लटकून कापू नये. आधी जागीच स्थिर राहून काम करण्याच्या साधनावर यावे आणि दोन वेगवेगळ्या जागी बांधून घ्यावे. ताणलेला दोर पात्याच्या नुसत्या स्पर्शानेही तुटतो.