डोन्ट यू वाँट मी

द ह्यूमन लीग या इंग्लंडमधील शेफील्डच्या वाद्यवृंदाचे १९८१ मधील इंग्रजी गीत आणि त्यावरील चित्रफीत. सिंथेसायझर व ड्रम मशीन यांवर उभ्या राहिलेल्या सिंथ-पॉप प्रकारातील सर्वांत परिचित रचनांत त्याची गणना होते. रचना जो कॅलिस, फिलिप ओकी व फिलिप एड्रियन राइट यांची; ध्वनिमुद्रणाचे सूत्रधार मार्टिन रशंट व स्वतः वाद्यवृंद; चित्रफितीचे दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. ‘डेअर’ या ध्वनिसंग्रहातील हे शेवटचे गीत. शीर्षक प्रश्नार्थक असले, तरी मूळ तबकडीवर प्रश्नचिन्ह नाही.

वाद्यवृंदाची स्थापना १९७७ ची. त्याचे नाव ‘स्टारफोर्स’ या अंतराळयुद्धाच्या पटावरील खेळातून घेतले आहे. आरंभीचे संगीत रूक्ष व प्रायोगिक होते. १९८० च्या शरदात मार्टिन वेअर व इयन क्रेग मार्श बाहेर पडले व त्यांनी पुढे ‘हेवन सेव्हन्टीन’ हा वाद्यवृंद काढला. गायक ओकी आणि राइट यांच्या हाती नाव राहिले, पण युरोपचा दौरा आधीच ठरलेला होता. ओकीने शेफील्डच्या ‘क्रेझी डेझी’ या नाचघरात जोअन कॅथरॉल व सुझन ॲन सली या दोन शाळकरी मुलींना पाहिले आणि दौऱ्यावर बोलावले. दोघींनाही व्यावसायिक गायनाचा अनुभव नव्हता. त्यानंतर इयन बर्डन व ‘रेझिलोज’ या वाद्यवृंदातून आलेला गिटारवादक जो कॅलिस हे दाखल झाले. कॅलिसला इथे गिटार बाजूला ठेवून सिंथेसायझर शिकावा लागला. या गीताचा गोडवा बव्हंशी त्याच्याकडून आला असावा, असे त्याच्या आधीच्या गीतांवरून वाटते.

गीताच्या उगमाबद्दल दोन हकिकती प्रचलित आहेत. एकीनुसार ओकीला विषय किशोरवयीन मुलींच्या एका मासिकातील छायाचित्रकथेत सापडला. दुसरीनुसार तो ‘अ स्टार इज बॉर्न’ या चित्रपटावरून सुचला. हे कथानक १९३७, १९५४ व १९७६ असे तीनदा पडद्यावर आले होते. गीताच्या संदर्भात बहुधा १९७६ ची आवृत्ती सांगितली जाते. दोन्ही हकिकतींत विरोध मानण्याचे कारण नाही. छायाचित्रकथेने प्रसंग दिला आणि चित्रपटाने त्याला दुसरे पात्र दिले, हा क्रम अधिक पटणारा आहे. कारण गीत आधी एकट्या पुरुषाच्या तोंडी कल्पिलेले होते आणि स्त्रीचे कडवे मागाहून आले, याबद्दल एकवाक्यता आहे. चित्रपटाशी साम्यही वरवरचेच आहे. तिथे नायिकेला वर आणणारा पुरुष स्वतः ढासळत जातो व तिचे त्याच्यावरचे प्रेम टिकते. इथे तो ढासळत नाही, धमकावतो.

पहिले कडवे पुरुषाचे. तू कॉकटेल बारमध्ये वेट्रेस होतीस, मी तुला हेरले, घडवले, पाच वर्षांत जग तुझ्या पायाशी आले; पण ज्याने वर चढवले तो खालीही उतरवू शकतो, असा त्याचा सूर आहे. मग ध्रुवपद येते. गीत इथेच संपले असते तर ऐकणारा त्याच्याच बाजूने उभा राहिला असता. दुसऱ्या कडव्यात सली गाते. वेट्रेस होते एवढे खरे, हे ती पहिल्याच ओळीत मान्य करते आणि त्याच्याच शब्दांनी त्याचा दावा खोडते: तू असतास किंवा नसतास, मला चांगले स्थान मिळणारच होते हे मला तेव्हाही ठाऊक होते. पाच वर्षे आनंदात गेली, प्रेम अजून आहे, पण आता मला माझे आयुष्य एकटीने जगायचे आहे. या कडव्यात राग नाही, आणि म्हणूनच ते इतके निर्णायक वाटते.

मराठी वाचकाला इथे तमाशातील सवालजवाब आठवणे साहजिक आहे, परंतु साम्य अर्धेच आहे. सवालजवाबात समोरच्याच्या शब्दाला शब्दाने उत्तर असते आणि शेवटी कोणीतरी जिंकतो. या गीतात तिचा जबाब झाल्यावर त्याच्याकडे नवा शब्द उरत नाही. तेच ध्रुवपद पुन्हापुन्हा येत राहते आणि आवाज विरत जातो. युगुलगीत म्हणावे तर दोघे एकमेकांसाठी गात नाहीत. ओकीने हे प्रेमगीत नसून स्त्री-पुरुषांमधील सत्तेच्या खेळाचे गीत आहे, असे वेळोवेळी सांगितले आहे. तरीही ते आजवर लग्नसमारंभांत व नाचगाण्यांत प्रेमगीत म्हणून वाजते. विरहगीत हा शब्दही त्याला नेमका लागू पडत नाही. विरहात परत येण्याची वाट असते, इथे निरोप आहे.

सलीला हे कडवे मिळाले ते केवळ योगायोगाने, असे तिने स्वतः म्हटले आहे; तोवर ती आणि कॅथरॉल पाठीमागे साथ देत. तिचा आवाज शिकवून घडवलेला नाही. स्वर सरळ लागतो, लांबवला जात नाही, कंपन जवळजवळ नसते. ओकीचा खर्जातला भारदस्त आवाज ऐकून झाल्यावर हा साधा आवाज कानावर पडतो, तेव्हा खरोखरच एखादी तरुण मुलगी समोर उभी राहून आपले म्हणणे मांडते आहे असे वाटते. कसलेल्या गायिकेकडून हा परिणाम साधला असता का, याबद्दल शंका आहे.

ध्वनिमुद्रण बर्कशायरमधील रशंटच्या ‘जेनेटिक’ स्टुडिओत झाले. संग्रहासाठी रोलंड व कॉर्ग यांचे अनेक सिंथेसायझर वापरले गेले. मात्र या संगीताचे स्वरूप ठरवणारी यंत्रे दोन. पहिले रोलंड कंपनीचे एमसी-८, म्हणजे सिंथेसायझरकडून सूर ठरल्या क्रमाने वाजवून घेणारा १९७७ चा सूक्ष्मसंगणक. त्यावर पियानोसारख्या पट्ट्या नसून आकड्यांची कळपट्टी असते. प्रत्येक सुरासाठी त्याची उंची, पुढील सुरापर्यंतचे अंतर आणि सूर किती काळ उघडा राहावा, या तीन गोष्टी आकड्यांत भराव्या लागत. चार मात्रांच्या एका साध्या ओळीसाठी डझनावारी आकडे टंकित करावे लागत, आणि अंतराचा एक आकडा चुकला की पुढची सगळी ओळ सरकत असे. मोबदल्यात मिळत असे ती मानवी हाताला न साधणारी काटेकोर लय. दुसरे यंत्र रॉजर लिन यांचे एलएम-१, १९८० मध्ये बाजारात आलेले. आधीची ड्रम मशीन विद्युत्-स्पंदांतून ठोक्याचा आभास निर्माण करीत. एलएम-१ मध्ये खऱ्या ढोलांचे आवाज अंकीय स्वरूपात चिपवर साठवलेले होते. त्याची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती आणि फारच थोडी यंत्रे तयार झाली. स्मृतीच्या चिप महाग असल्यामुळे दीर्घकाळ घुमणाऱ्या मोठ्या झांजेचा आवाज त्यात घातलेला नव्हता. त्या काळच्या अनेक सिंथ-पॉप गीतांत ठेका कोरडा आणि आखूड वाटतो, त्याचे एक कारण हे असावे. ‘डोन्ट यू वाँट मी’चा ठेका लक्ष देऊन ऐकावा: तो पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणाचीच बाजू घेत नाही. पुरुष धमकावतो तेव्हा चढत नाही, स्त्री निरोप घेते तेव्हा मंदावत नाही. सिंथ-पॉप थंड असतो हा आक्षेप जुना आहे. या गीतात त्याच थंडपणामुळे दोन माणसांची ऊब आणि जखम ठळक होते.

ध्वनिमिश्रणावरून मतभेद झाले. आरंभीचे रूप अधिक कठोर होते. कॅलिस व रशंट यांनी ते मवाळ केले. ओकीला हे नवे रूप आवडले नाही, आणि म्हणूनच गीत संग्रहाच्या शेवटी गेले. ‘डेअर’ ऑक्टोबर १९८१ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील तीन गीते आधीच स्वतंत्र तबकड्यांवर आली होती. चौथी म्हणून हे गीत काढावे असा व्हर्जिन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या सायमन ड्रेपर यांचा आग्रह होता. ओकीचा विरोध होता. लोकांना आधीच मिळालेले आणि त्याच्या मते दुय्यम गीत पुन्हा विकणे त्याला रास्त वाटत नव्हते. अखेर तबकडीसोबत मोठे रंगीत भित्तिचित्र द्यायचे, या अटीवर तो राजी झाला. वाद्यवृंद आपल्या तबकड्यांवर ‘रेड’ म्हणजे नाचासाठी व ‘ब्लू’ म्हणजे पॉप अशी खूण छापत असे. या तबकडीवर मात्र ‘१००’ असा आकडा होता, जो शेफील्डमधील एका खानावळीच्या नावाशी जोडला जातो. नोव्हेंबर १९८१ च्या अखेरीस ती बाजारात आली, पाच आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिली आणि नाताळातले अव्वल गीत ठरली. ब्रिटनमधील एकूण विक्री पुढे १५ लाखांवर गेली.

चित्रफीत त्याच सुमारास स्लाव गावाजवळ थंडीपावसाच्या रात्री चित्रित झाली. तेव्हा बहुतेक चित्रफिती स्वस्त व्हिडिओ-पट्टीवर होत. बॅरनने चित्रपटाची ३५ मिमी फिल्म वापरली. त्यामुळे ओला रस्ता, धुके, दिव्यांची प्रभा व चेहऱ्यांवरचा अंधार यांना चित्रपटाची खोली आली. कथानक एका खूनपटाच्या चित्रीकरणाचे आहे. सली त्यातील नटी, ओकी दिग्दर्शक, आणि ती त्याला सोडून जाते आहे. कॅमेरे, दिवे, तंत्रज्ञ सर्व दृश्यात दिसतात. बॅरनवर फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘डे फॉर नाइट’ या १९७३ च्या, चित्रपटनिर्मितीवरच्या चित्रपटाचा प्रभाव होता, आणि क्लॅपच्या पाटीवर खडूने लिहिलेले ‘ल लीग ह्युमेन’ हे फ्रेंच वळणाचे नाव त्याची उघड कबुली आहे. सलीने मात्र ‘अल्ट्राव्हॉक्स’ या वाद्यवृंदाच्या ‘व्हिएन्ना’ या थोड्या आधीच्या चित्रफितीचा प्रभाव अधिक मानला आहे. रचना त्रुफोची आणि प्रकाशयोजना ‘व्हिएन्ना’ची, अशी विभागणी केल्यास दोन्ही मते जुळतात.

चित्रफितीतील सर्वांत विचार करायला लावणारी जागा शेवटाकडे आहे. पात्रे संकलनाच्या खोलीत बसून चित्रित केलेला भाग पाहत असतात. आता तरी आपण चित्रपटाबाहेर आलो, असे प्रेक्षकाला वाटते. तेवढ्यात कॅमेरा मागे सरकतो आणि ती खोलीही उभारलेला सेटच निघते. आरशात कॅमेऱ्याचे प्रतिबिंब दिसते. गीतात दोघे एकच भूतकाळ दोन प्रकारे सांगतात, आणि खरे काय घडले ते ऐकणाऱ्याला कधी कळत नाही. चित्रफीत नेमकी तीच गोष्ट दृश्यातून करते: प्रत्येक चौकटीबाहेर आणखी एक चौकट निघते. गीताचे केवळ दृश्य रूपांतर न करता त्याचा अर्थ पुढे नेणाऱ्या मोजक्या आरंभीच्या चित्रफितींत हिला स्थान द्यावे लागेल. बॅरनने पुढे मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ची व ‘आ-हा’च्या ‘टेक ऑन मी’ची चित्रफीत केली.

अमेरिकेत एमटीव्ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली होती व तिला दाखवण्याजोग्या चित्रफितींची चणचण होती. ब्रिटिश वाद्यवृंदांकडे त्या तयार होत्या. ‘डोन्ट यू वाँट मी’ ३ जुलै १९८२ रोजी बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिले आले व तीन आठवडे राहिले. अमेरिकेत अव्वल ठरलेले पहिले सिंथ-पॉप गीत असा त्याचा उल्लेख होतो, तो जपून घ्यावा. ‘एम’ या नावाने निघालेले ‘पॉप म्युझिक’ १९७९ मध्येच त्या स्थानी पोचले होते. ते सिंथ-पॉपमध्ये मोडते की डिस्कोत, यावर उत्तर अवलंबून आहे. ‘सॉफ्ट सेल’चे ‘टेंटेड लव्ह’ही १९८२ च्या आरंभीपासून यादीत होते, पण आठव्या स्थानापुढे गेले नाही. चित्रफितींच्या बळावर आलेल्या ब्रिटिश लाटेचा आरंभ म्हणून जुलै १९८२ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

रशंटने १९८२ मध्येच ‘लव्ह अँड डान्सिंग’ या संग्रहात गीताचे वाद्यप्रधान रूप दिले. ‘द फार्म’ने १९९२ मध्ये व स्वीडनच्या ‘अल्काझार’ने २००२ मध्ये ते पुन्हा गायले. मार्च २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीन फुटबॉल संघाने लीग चषक जिंकला, तेव्हा समर्थक ध्रुवपदाच्या चालीवर पीटर पॉलेट या खेळाडूचे नाव गात होते. त्यांच्या मोहिमेमुळे मूळ गीत ३२ वर्षांनी ब्रिटनच्या पहिल्या विसांत परतले. मैदानावर हजारो कंठांतून उठणाऱ्या त्या गजरात फक्त ध्रुवपदाची चाल असते. सलीचे कडवे तिथे कोणी गात नाही.