पुढून ओढणारी गाडी आणि मागचे सस्पेन्शन : उलाळ आवरण्याचा इतिहास

कांद्याची पोती मागच्या बाजूला जास्त पडली की बैलगाडी उलाळ होते, जू मानेवरून वर उचलले जाते आणि बैल कितीही दमदार असले तरी ओढ लागत नाही, हे सोलापूरच्या बाजारात माल आणणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नसे. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार ड्रॅग शर्यतीत, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पळण्याच्या छोट्या शर्यतीत, सुटते तेव्हा तिची गत अशीच होते. ही गोष्ट मोटारवाल्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण या खेळाची सगळी विद्या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांवर घडली होती.

कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९५० साली धावपट्टीवर तिकीट लावून अशा शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या त्या धावेत गाडी सुटताना मागे बसावी, वजन मागच्या चाकांवर यावे, म्हणून पुढच्या स्प्रिंगा सैल ठेवल्या जात आणि बॅटरीसुद्धा डिकीत जाई.

पुढच्या चाकांची ओढ काही नवी नव्हती. सित्रोएनची ट्रॅक्सिओं आव्हां १९३४ ची, तर इंजिन आडवे बसवणारी अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी १९५९ ची. तरीही अशा गाड्या ड्रॅगमध्ये गांभीर्याने घेतल्या गेल्या त्या १९९० च्या दशकात, दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी होंडा सिव्हिक आणि सीआरएक्स पळवायला सुरुवात केल्यावर.

अडचण हिशेबाने पाहू. गाडी ९०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर, दोन्ही आसांतले अंतर २.४ मीटर आणि सुटताना त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या निम्मे धरले, तर सुमारे ९४ किलो भार पुढून मागे सरकतो. मागची स्प्रिंग कडक केली की हा भार ‘थांबतो’, असे गॅरेजांत सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. भार किती सरकणार हे उंची, अंतर आणि त्वरण ठरवतात. कडक स्प्रिंग आणि दबताना घट्ट राहणारा शॉकअप यांमुळे गाडी मागे बसत नाही, नाक फार उचलत नाही, पुढच्या चाकांचे कोन बिघडत नाहीत आणि पहिल्या क्षणातला हिसका आटोक्यात राहतो. सरकणारा भार खरोखर कमी केला तो मागे लांब निघालेल्या, छोटी चाके लावलेल्या व्हीली बारने, कारण गाडी त्यावर टेकली की टेकूंमधले अंतरच वाढते.

आपल्याकडे ही वाट उशिरा उघडली. सोलापूरच्या गॅरेजांतले जुने हात मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या अ‍ॅम्बॅसिडरवर बसले होते. पुढून ओढणारी मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, झेन १९९३ मध्ये आणि एस्टीम त्यानंतरच्या वर्षी. या गाड्या पळवण्याची हौस आली तेव्हा स्प्रिंगा कापून गाडी चहूबाजूंनी सारखी खाली बसवण्याचीच रीत पडली. बॅटरी डिकीत नेलेली एक एस्टीम मी स्वतः पाहिली आहे. मालकाला त्याचा अभिमान होता, आणि सुटताना तिची पुढची चाके जागीच फिरत राहत.

जुळणी तपासायची साधी युक्ती मात्र इथल्या मिस्त्रींच्या अंगवळणी पडली आहे. मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर रबराची बारीक रिंग चढवायची, ती खाली अंगाला टेकवायची, गाडी एकदा जोरात सोडायची आणि मग खाली वाकून ती दांड्यावर किती वर सरकली ते पट्टीने मोजायचे. दोन्ही बाजूंचे माप सारखे नसेल, तर स्प्रिंगला हात लावण्याआधी बुश, म्हणजे सांध्यांतली रबरे, तपासायचे.