ब्रह्मा कोंबडी

चीनमधून अमेरिकेत नेलेल्या पक्ष्यांपासून तिथे तयार झालेली, अंगाने थोराड आणि स्वभावाने अतिशय गरीब अशी कोंबडीची जात. एकेकाळी मांसासाठी वाढवली जाणारी ही जात आज मुख्यतः परसातला लाडका पक्षी म्हणून सांभाळली जाते.

१८४० च्या दशकात शांघाय बंदरातून मोठ्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या अमेरिकेत पोहोचल्या. त्यांच्यात आजच्या बांगलादेशातल्या चितगावकडच्या पक्ष्यांचे रक्त मिसळले असावे. पुढे आलेली जड भुवई आणि बसका तुरा तिकडचा मानतात. ब्रह्मपुत्रेचे नाव लागले, तरी जात घडली ती अमेरिकेतच. १८४९ मध्ये बोस्टनला कुक्कुट प्रदर्शन भरले आणि पुढची काही वर्षे लोकांना कोंबड्यांचे वेडच लागले. त्या भरात जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला नऊ पक्षी नजर केले. भाव आणखी चढले. १८७४ च्या अमेरिकन मानकात, म्हणजे जातींची लक्षणे ठरवणाऱ्या नियमावलीत, फिकट आणि गडद हे दोन प्रकार नोंदले गेले, बदामी प्रकार १९२४ मध्ये. पुढे झटपट वाढणाऱ्या संकरित कोंबड्या आल्या आणि मांसाच्या बाजारातून ब्रह्मा मागे पडली.

फिकट प्रकारात अंग पांढरे, मानेच्या पिसांवर काळ्या रेघा आणि शेपूट काळी असते. मानकाप्रमाणे फिकट कोंबडा सुमारे ५.५ किलो आणि कोंबडी सव्वाचार किलोच्या आसपास भरते. तुरा तीन ओळींचा आणि डोक्याला चिकटलेला असल्याने कडाक्याच्या थंडीत तो सहसा गोठत नाही. दाट पिसाऱ्याची त्यात भर पडते. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात इतर कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, तरी ही देत राहते. वर्षाला साधारण दीडशे तपकिरी अंडी मिळतात. मात्र तलंग, म्हणजे अजून अंडी न दिलेली तरुण कोंबडी, अंड्यावर यायला सहा-सात महिने लागतात. घाई असणाऱ्याने ही जात घेऊ नये.

ती उंच उडत नाही, त्यामुळे कमरेएवढे कुंपण तिला आत ठेवायला पुरते. कोल्हा किंवा रॅकूनला (अमेरिकेतला एक निशाचर प्राणी) मात्र ते अडवत नाही, म्हणून रात्री खुराडे पक्के बंद हवे. बसायची दांडी रुंद आणि गुडघ्याहून खाली असावी. एवढे वजन घेऊन उंचावरून उडी मारली की पाय दुखावतात, तळव्याला गळू होते.

खरी मेहनत पायांची. बोटांवरच्या पिसांत चिखल आणि विष्ठा अडकून कडक गोळे होतात. ते ओढून काढू नयेत, कारण वाढत्या पिसाच्या मुळातून रक्त येते. कोंबडीला कोमट पाण्याच्या टबात उभी करावी, गोळा मऊ पडला की बोटांनी हळूहळू सोडवावा आणि पाय पूर्ण कोरडा करूनच तिला सोडावे. पिसांआड खवल्यांखाली सूक्ष्म कीड शिरते. ती वरून दिसत नाही, म्हणून पिसे बाजूला सारून खवले उचलले आहेत का ते अधूनमधून पाहावे. खुराड्यातला भुसा कोरडा ठेवला, तर यातला बराच त्रास टळतो.

हिचा शांतपणा हीच हिची अडचणही ठरते. मुलांनी उचलले तरी बिचारी निमूट राहते, पण भांडखोर जातींबरोबर ठेवली तर त्या तिला दाण्याजवळ फिरकू देत नाहीत. कळप एका जातीचा नसेल, तर दाणा दोन-तीन ठिकाणी मांडावा. ती खुडूक होते आणि अंड्यांवर नेटाने बसते. पण अंगाच्या वजनाने अंडी फुटण्याची, नवजात पिल्ले चिरडण्याची भीती असल्याने तिला अंडी उबवायला बसवल्यावर लक्ष ठेवावे लागते. कोंबडाही बहुधा सौम्य असतो, पण आरवणे चुकत नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत कोंबडी पाळता येते, कोंबडा नाही.

भारतातही हौशी लोक ब्रह्मा पाळतात. थंडीत उपयोगी पडणारा पिसारा विदर्भाच्या उन्हाळ्यात तिच्या जिवावर उठू शकतो, तर कोकणच्या पावसाळ्यात पायांची पिसे सतत भिजतात. दाट सावली, दिवसातून अनेकदा बदललेले गार पाणी आणि पावसाळ्यात जमिनीपासून उचललेले, छपराचे खुराडे यांची सोय आधी करावी, पिल्ले नंतर आणावीत.