डीडीटी आणि स्तनाचा कर्करोग: रक्त नेमके कधीचे तपासले?

डीडीटी हे कीटकनाशक शरीरात संप्रेरकासारखे (हार्मोनसारखे) वागते ही शंका जुनीच आहे. कोंबड्याच्या पिलांना ते टोचले तर तुरे आणि वृषणे खुंटतात, स्त्री-संप्रेरक दिल्यासारखीच, हे १९५० मध्ये छापून आले होते. तीनच वर्षांनी आपल्याकडे राष्ट्रीय हिवताप मोहीम सुरू झाली आणि मलेरियावाले घराघरांत शिरून भिंती फवारू लागले. त्या फवारणीने असंख्य जीव वाचवले, हेही तितकेच खरे.

कर्करोगाचा वाद पेटला तो १९९३ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांच्या रक्तात डीडीई, म्हणजे डीडीटीपासून शरीरात बनणारे रसायन, जास्त आढळले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अभ्यासाला असा संबंध दिसला नाही. नंतरच्याही बहुतेक अभ्यासांचे उत्तर नकारार्थीच आले, आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले.

पण मोजले काय होते? बाजारातली डीडीटी हे एकच रसायन नव्हते. त्यात तीन चतुर्थांशांच्या आसपास एक रूप आणि साधारण १५ टक्के दुसरे. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते ते दुसरे, आणि शरीरातून लवकर निघून जाते तेही तेच. पहिल्याचे शरीरात डीडीई होते, ते चरबीत वर्षानुवर्षे मुरून राहते. डीडीईचे वागणे मात्र निराळे: ते पुरुष-संप्रेरकाची वाट अडवते, हे १९९५ मध्ये दिसले. म्हणजे टिकते म्हणून मोजले डीडीई, आणि तेही बहुतेकदा प्रौढ बाईच्या रक्तात, अमेरिकेतल्या डीडीटी-बंदीनंतर वर्षे लोटल्यावर. अशा मोजणीवरून डीडीटीला निर्दोष ठरवणे घाईचे होते.

२००७ मध्ये कॅलिफोर्नियातच १९५९ ते १९६७ दरम्यान बाळंतिणींकडून घेऊन जपून ठेवलेले रक्त तपासले गेले. डीडीटी तेव्हा सर्रास वापरात होती. १९४५ मध्ये, म्हणजे ती लोकांच्या हाती आली तेव्हा, ज्या चौदा वर्षांच्या आतल्या होत्या, त्यांच्यापैकी रक्तात डीडीटी सर्वाधिक असलेल्या गटाला पन्नाशीआधी स्तनाच्या कर्करोगाचा धोका पाचपट दिसला. तेव्हा त्याहून मोठ्या असलेल्यांत तो दिसला नाही. २०१५ मध्ये त्याच बाळंतिणींच्या मुलींचा हिशेब आला. आईच्या रक्तात ते दुसरे, इस्ट्रोजेनसारखे रूप जास्त असेल, तर मुलीचा धोका जवळपास चौपट.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने डीडीटीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले, पण यकृत, वृषण आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगांकडे बोट दाखवून. स्तनाच्या कर्करोगाशी एकंदर ठाम संबंध नाही आणि कोवळ्या वयातल्या संपर्काचा प्रश्न सुटलेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भारतात शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबला, डासांसाठीची फवारणी मात्र पुढेही चालू राहिली. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीतही डीडीटी तयार होत असे. पन्नाशीच्या दशकात फवारलेल्या भिंतींच्या आत वाढलेल्या मुली आज सत्तरीत आहेत, आणि त्यांच्या लेकी चाळिशी-पन्नाशीत.