केअर यादी गेली. मग पेपर पारखायचा कसा?

नागपुरात अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरात पीएचडी करणाऱ्याला गाइड हमखास विचारायचे, "जर्नल केअर यादीत आहे ना?" केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य शोधपत्रिकांची यादी. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली आणि जर्नलची निवड संस्थांवर सोपवली.

यादीवर विसंबायची सवय तशी अलीकडची. १६६५ मध्ये लंडनला हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे जर्नल सुरू केले, तेव्हा काय छापायचे याचा निवाडा मुख्यतः तेच करत. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी आपल्याला पूर्वापार वाटते, पण 'नेचर' या नामांकित विज्ञान जर्नलने ती सरसकट लागू केली १९७३ मध्ये. डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा गाजलेला निबंध त्याशिवायच छापला गेला. १९२० मध्ये रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात विज्ञान काँग्रेस, म्हणजे शास्त्रज्ञांचे अधिवेशन, भरली, त्या काळी लेखकाचे आणि संपादकाचे नाव हीच बरीचशी हमी असे.

१९६४ मध्ये यूजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स आला. कोणता निबंध पुढे कोणी उद्धृत केला, हे शोधण्याचे ते साधन. पुढे त्यातूनच जर्नलला, आणि जर्नलवरून माणसाला, गुण देणे सुरू झाले.

आपल्याकडे खरी गोची झाली ती नियमांमुळे. २००९ मध्ये प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापणे सक्तीचे झाले, २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शोधनिबंध वगैरे कामगिरी मोजणारे, गुण जोडले गेले. मागणी तयार होतीच. पैसे घेऊन चार दिवसांत 'स्वीकृत' कळवणारी दुकाने निघाली. मुखपृष्ठावर आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक ठळक छापलेला, आणि तो नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाची खूण नाही, हे फारसे कोणी सांगत नसे.

यूजीसीने २०१७ मध्ये मान्य जर्नलांची यादी काढली, तर तीतही अशीच जर्नले शिरली. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासला. ८८ टक्के निकृष्ट निघाली. मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे कापली गेली. २०१९ मध्ये पुण्याच्या विद्यापीठातील कक्षाच्या मदतीने केअर यादी आली. मग भामट्यांनी यादीतल्या जर्नलांच्याच हुबेहूब वेबसाइट उभ्या केल्या. पीएचडीसाठी छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, हे माझ्या मते यादी बंद होण्यापेक्षा मोठे पाऊल.

जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले खुली झाली. वाचायला मिळण्याची अडचण कमी झाली, पारखण्याची तशीच आहे. चांगल्या जर्नलमधलाही निबंध मागे घेतला जातो, आणि त्याची पीडीएफ मात्र व्हॉट्सअॅपवर फिरत राहते. मागे घेतलेल्या निबंधांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची नोंदवही २०२३ पासून क्रॉसरेफ या निबंधांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने सर्वांना मोफत केली आहे; संदर्भयादीतला डीओआय, म्हणजे निबंधाचा ओळख क्रमांक, तिथे टाकून पाहायला मिनिटही लागत नाही.