कबुतर, काचेचा गोळा, मातीची चकती: नेमबाजीचं टार्गेट स्वस्त कसं होत गेलं

नेमबाजी महागडा छंद आहे असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही, पण बंदूक एकदाच घ्यायची असते, नीट ठेवली तर वीस-वीस वर्षं जाते. रोज संपणाऱ्या गोष्टी दोनच, एक गोळी आणि दुसरं म्हणजे ज्याच्यावर ती मारायची ते. गोळीच्या भावावर बोलणारे पुष्कळ भेटतात, टार्गेटवर फारसं कोण बोलत नाही. खरं तर टार्गेटचा इतिहास काढला तर तो बराचसा काटकसरीचाच इतिहास आहे, म्हणजे कोणीतरी "हे आता परवडत नाही, दुसरं काय लावता येईल" असा विचार करतो आणि त्यातून कधी कधी अख्खा नवीन खेळच निघतो. दया, सुरक्षितता, पर्यावरण ही कारणं पण आहेत, पण माझ्या मते ती बहुतेक वेळा मागाहून आली.

अगदी जुनं थोडक्यात सांगतो. द्रोणाचार्यांची ती परीक्षा आपल्या सगळ्यांना पोपटाच्या डोळ्याची म्हणून पाठ आहे, पण महाभारतात तो पक्षी खरा नाहीच, कारागिरांकडून बनवून घेऊन झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला आहे. युरोपात मध्ययुगात धनुर्धाऱ्यांच्या मंडळ्या उंच खांबावर लाकडी पोपट बसवून त्याला पाडायच्या, स्कॉटलंडमधल्या किल्विनिंग गावात मठाच्या मनोऱ्यावरून बाहेर काढलेल्या लाकडी पक्ष्यावर बाण मारायची पद्धत अजून आहे. तुर्क आणि इजिप्तचे मामलुक घोडेस्वार खांबावर भोपळा लावायचे आणि घोडा पळवत खालून वर बाण सोडायचे. लाकूड, भोपळा, जे हाताशी असेल ते.

गडबड झाली ती बारा बोअरच्या, म्हणजे एका बारात पुष्कळ बारीक छर्रे सोडणाऱ्या बंदुकीच्या काळात. छर्‍याची बंदूक ही उडत्या पाखरासाठी, मग सराव पण उडत्यावरच पाहिजे, आणि उडणारं स्वस्तात काय मिळतं तर कबुतर. लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटाला ओल्ड हॅट नावाच्या पबापाशी लोक जमायचे, जमिनीतल्या खड्ड्यात कबुतर ठेवून त्यावर जुनी टोपी पालथी घालायची, दोरी ओढली की टोपी उलटते, कबुतर उडतं, मारा. टोपीची जागा पुढं पेटीनं घेतली. आजही ट्रॅपवाले (उडत्या चकत्यांवर मारणारे) "पुल", म्हणजे ओढ, म्हणून ओरडतात, दोरी जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी.

अमेरिकेत तर कबुतरांना भावच नव्हता. पॅसेंजर पिजन नावाची रानकबुतरं अब्जावधींच्या संख्येनं होती, जाळी लावून हजारोंनी पकडायची आणि रेल्वेनं शहरात पाठवायची, काही खायला आणि काही नेमबाजीच्या स्पर्धांना. १८८१ मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला एक मोठी स्पर्धा झाली, तिच्यासाठी वीस हजार पॅसेंजर पिजन आणलेली, आणि ती भरवणाऱ्या संस्थेचं नाव काय तर मासे आणि शिकारीच्या प्राण्यांचं संरक्षण करणारी न्यूयॉर्क राज्याची संघटना! प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध तिथं पहिली मोठी संस्था काढणारे हेन्री बर्ग हे सगळं बंद पाडायला बरीच वर्षं धडपडत होते, पण खेळणाऱ्यांवर त्याचा परिणाम जेवढा झाला त्यापेक्षा जास्त बहुतेक या गोष्टीचा झाला असेल की कबुतरंच मिळेनाशी झाली. कळप विरळ होत गेले, भाव चढला, लांबून आणायची तर अर्धी वाटेत मरायची.

युरोपात मात्र हे चालूच राहिलं. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी जिवंत कबुतरांवरची स्पर्धा झाली, बेल्जियमचा लिऑन द लुंडेन २१ पक्षी मारून पहिला आला, एकूण सुमारे तीनशे पक्षी मेले (ती अधिकृत ऑलिम्पिक स्पर्धा धरायची का नाही यावर अजून वाद घालतात). इंग्लंडनं पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांवर गोळ्या झाडायला कायद्यानं बंदी घातली ती १९२१ मध्ये, म्हणजे पर्याय बाजारात येऊन पन्नासेक वर्षं झाल्यावर.

तर तो पर्याय. आधी आला काचेचा गोळा. १८६० च्या दशकात बोस्टनच्या चार्ल्स पोर्टलॉकनं हे अमेरिकेत सुरू केलं असं धरतात, लिंबापेक्षा जरा मोठा पोकळ गोळा, स्प्रिंगच्या यंत्रानं हवेत उडवायचा. पण सुरुवातीचे गोळे गुळगुळीत होते, छर्रा घसरून जायचा आणि गोळा फुटायचाच नाही, वर यंत्र तो सरळ वर फेकायचं त्यामुळं मारायला मजा नाही. मग अ‍ॅडम बोगार्डस नावाचा त्या काळातला नंबर एकचा नेमबाज यात उतरला, १८७७ मध्ये त्यानं लांब आणि कमानीत फेकणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि गोळ्याच्या अंगावर आडव्यातिडव्या रेघा उठवल्या म्हणजे छर्रा अडकेल. काही गोळ्यांच्या पोटात पिसं भरलेली असायची, फुटल्यावर हवेत पिसं उडायची, म्हणजे कबुतर मारल्याचं समाधान पण आणि कबुतराचा खर्च पण नाही. मला हा प्रकार जरा विचित्रच वाटतो, पण लोकांना आवडायचा. बफेलो बिलच्या गावोगाव फिरणाऱ्या वाइल्ड वेस्ट शोमध्ये अ‍ॅनी ओकली ही नेमबाज असेच गोळे फोडायची.

अडचण उघड आहे, शेतात काचा. जिथं स्पर्धा झाली ती जमीन पुढं गुरांच्या आणि माणसांच्या दोघांच्या कामाची राहायची नाही. आणि गंमत म्हणजे फोडून टाकायला बनवलेले हे स्वस्त गोळे आज अँटिक म्हणून विकले जातात, न फुटता राहिलेल्या चांगल्या गोळ्याला लोक शेकडो डॉलर देतात.

मग येतो जॉर्ज लिगोव्स्की, राहणार सिनसिनाटी. सांगतात ती गोष्ट अशी की पोरं पाण्याच्या कडेला उभी राहून शिंपले तिरपे फेकत होती, आपल्याकडं खापऱ्या फेकून पाण्यावर भाकऱ्या काढतात तसं, ते बघून त्याच्या डोक्यात आलं की गोल गोळ्यापेक्षा चपटी चकती हवेत जास्त वेळ तरंगते आणि पाखरासारखी जाते. १८८० मध्ये त्यानं भाजलेल्या मातीच्या चकतीचं आणि ती फेकणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. गोष्ट खरी असो नसो, कल्पना एकदम बरोबर होती, फक्त माल चुकलेला. भाजलेली माती फार कडक, छर्रा लागला तरी नुसती टणकन वाजायची आणि तशीच पुढं जायची, मग लागली का नाही लागली यावरून भांडणं. तरी त्यानं मार्केटिंग जबरदस्त केलं, १८८३ मध्ये बोगार्डस आणि डॉक कार्व्हर या दोन स्टार नेमबाजांना समोरासमोर आणून गावोगावी २५ सामने लावले, कार्व्हरनं १९ जिंकले, आणि मातीची चकती सगळ्यांना माहीत झाली.

माल बदलला तो पुढच्या काही वर्षांत. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या फ्रेड किंबलसारख्यांनी डांबर वापरून चकत्या पाडल्या, फेकताना टिकते आणि एक-दोन छर्रे लागले तरी फुटते, मुख्य म्हणजे भट्टीत भाजायला नको, साच्यात ओतली की झाली. आज आपण जिला क्ले (माती) म्हणतो तिच्यात माती नसतेच, चुनखडीची पूड आणि डांबर, व्यास ११ सेंटिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. नाव मात्र तेच राहिलं. डांबराचा पण एक त्रास निघाला, जुन्या चकत्यांत कोळशाचं डांबर असायचं आणि ज्या रानात त्या फुटायच्या तिथं चरणारी डुकरं तुकडे खाऊन लिव्हर खराब होऊन मेल्याच्या नोंदी पशुवैद्यकांकडं आहेत. म्हणून आता पेट्रोलियमचं डांबर किंवा रेझिन वापरून "इको" चकत्या निघाल्यात, त्या जरा महाग.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जगातली शेवटची पॅसेंजर पिजन, मार्था नावाची, १ सप्टेंबर १९१४ ला मेली ती सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात. लिगोव्स्कीच्याच गावात.

रायफलवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना टार्गेट उडायला नको होतं. १८६० मध्ये विम्बल्डनला (टेनिसवालं तेच गाव) ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या मेळाव्यात राणी व्हिक्टोरियानं दोरी ओढून स्टँडवर आधीच नेम धरून बसवलेली रायफल ४०० यार्डांवरून उडवली. त्या काळात टार्गेट म्हणजे लोखंडाची जाड प्लेट, वर चुना फासलेला. गोळी लागली की ठाण आवाज आणि शिशाचा डाग, मग मार्कर (टार्गेटपाशी थांबून गोळी कुठं लागली ते दाखवणारा माणूस) बाहेर येऊन डाग पुसून परत चुना फासणार. टिकाऊपणात याच्यासारखं स्वस्त काही नाही, पण शिसं फुटून चहूकडं उडायचं. पुढं खड्ड्यातून खालीवर सरकणाऱ्या फ्रेमवर कापड आणि कागद आला.

खरा बदल झाला दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या (१८९९-१९०२) वेळी. त्या युद्धात ब्रिटिश सैनिकांचा नेम कच्चा निघाला आणि तिथला सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यानं कामगारवस्त्यांत छोट्या रायफलींचे क्लब काढायचा आग्रह धरला, १९०१ मध्ये त्यासाठी संस्था पण निघाली. कामगाराला कुठून परवडणार ६०० यार्डांचं मैदान? मग त्यांनी काय केलं तर अंतर २५ यार्डांवर आणलं, त्याच हिशोबात छापील टार्गेट बारीक केलं आणि बंदूक पॉइंट टू-टू (नळीचं भोक ०.२२ इंच). पबची मागची खोली, मिलचं गोदाम, कुठंही रेंज. टार्गेट छोटं केलं की जागा छोटी लागते, काडतूस छोटं लागतं, सगळंच खाली येतं. आपल्याकडं एनसीसीत ज्यांनी चांदमारीवर पोटावर झोपून पॉइंट टू-टूचे पाच राउंड मारलेत ते पण साधारण याच अंतरावर.

त्याच पबांमध्ये अजून एक प्रकार होता जो मला सगळ्यात हुशार वाटतो, बेल टार्गेट. लोखंडी प्लेट, मध्ये बोटाच्या टोकाएवढं भोक, मागं घंटी. प्लेटला पांढरा रंग चोपडायचा, एअरगनचा छर्रा भोकातून गेला तर घंटी वाजते, नाही गेला तर ओल्या रंगावर डाग दिसतो, फडकं मारून पुसायचा. कागद शून्य.

अमेरिकेत डबे आले. पत्र्याच्या डब्यातलं अन्न घराघरात पोचलं आणि रिकामा डबा म्हणजे फुकटचं टार्गेट. दुसऱ्या बाजूनं बंदूकही स्वस्त होत होती. मिशिगनमधली एक पवनचक्क्या बनवणारी कंपनी धंदा मंदावल्यावर १८८० च्या दशकाच्या शेवटी शेतकऱ्याला पवनचक्कीबरोबर छोटी पत्र्याची एअरगन फुकट द्यायला लागली, थोड्याच दिवसांत लोक पवनचक्की राहू दे, बंदूकच द्या म्हणायला लागले, आणि १८९५ मध्ये कंपनीनं नावच बदलून डेझी केलं. कुंपणावर डबे लावायचे आणि पाडायचे, नियम नाहीत, गुण नाहीत. नेक्को नावाच्या गोल चपट्या गोळ्या (खायच्या, चॉकलेटवाल्या दुकानातल्या) पण तिथले नेमबाज टार्गेट म्हणून वापरत आलेत, लागली की भुगा होतो आणि उरलेलं पावसात विरघळतं. याच्या उलट जुने फ्रीज, टीव्ही, बाटल्या माळावर नेऊन फोडायची सवय लागली आणि सरकारी जमिनींवर कचऱ्याचे ढीग झाले, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी आता काच आणि घरगुती भंगार लावायला मनाई आहे.

मेक्सिकोत पण कबुतरासारखीच कथा, तिथं आधी जत्रांमध्ये कोंबड्या, टर्की, मेंढे बांधून त्यांच्यावर नेम धरायचे, १९४८ पासून त्याच प्राण्यांच्या लोखंडी आकृत्या उभ्या करायला लागले, कोंबडी २०० मीटरवर आणि मेंढा ५०० वर. पडली की उचलून परत लावा.

आपल्याकडं नेमबाजीची पहिली ओळख म्हणजे जत्रेतले फुगे. रबरी फुगा पहिल्यांदा केला मायकेल फॅरेडेनं १८२४ मध्ये, हायड्रोजनच्या प्रयोगासाठी, त्याला कल्पना पण नसेल की पुढं जोतिबाच्या यात्रेत आणि जुहूच्या वाळूवर पोरं बोर्डावरचे फुगे छर्‍यानं फोडतील. बंदुकीची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) वाकडी असते तो भाग वेगळा, पण टार्गेट म्हणून फुगा झकास, लागला का नाही हे विचारावं लागत नाही.

घरच्या सरावाला आपल्याकडं वाव आहे कारण २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला लायसन लागत नाही. पाखरं मात्र टार्गेट नव्हेत, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, आणि एअरगन हातात आल्यावर पहिल्यांदा हेच सांगायला लागतं. बाकी खडूचे तुकडे, बाटलीची झाकणं, तुटक्या पणत्या असं काय पण चालतं. मागं जुन्या कपड्यांनी गच्च भरलेलं खोकं पाहिजे. नुसती भिंत किंवा जाड लोखंड नको, छर्रा उलटा येतो, आणि डोळ्याला चष्मा हवाच.

कागदाचं म्हणाल तर तिथं फार काटकसर अंगाशी येते. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटचा व्यास ४५.५ मिमी आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, छर्रा त्याच्या नऊपट जाड. साध्या झेरॉक्सच्या कागदावर प्रिंट काढली तर भोक फाटून जातं आणि नऊ होता का दहा कळत नाही, म्हणून मॅचचं कार्ड जाड असतं आणि छर्रा सपाट नाकाचा, त्यानं स्वच्छ गोल भोक पडतं. घरी करायचंच तर जाड कार्डशीटवर प्रिंट काढा आणि मागं पुठ्ठा लावा. नुसता ग्रुप, म्हणजे सगळी भोकं किती जवळजवळ पडतात ते, बघायचा असेल तर प्रिंटची पण गरज नाही, पांढऱ्या कागदावर काळं स्टिकर पुरे.

वरच्या लेव्हलला कागद जवळजवळ गेलाय, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे हे कोल्हापूरकर जिथं मेडल घेतात तिथं इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं, गुण लगेच स्क्रीनवर. यंत्र महाग, पण रोजचा कार्डांचा खर्च वाचतो. ट्रॅपवाल्यांना ती सोय नाही. नुसत्या पात्रता फेरीत १२५ चकत्या, आणि त्याआधीच्या सरावाच्या वेगळ्या, फुटो वा न फुटो, मशीनमधून निघालेल्या प्रत्येक चकतीचे पैसे गेलेच.