अठराच्या आधीचे नागरिक

नागरिकत्व म्हटलं की आपल्याला मतदान आठवतं, पण मुंबईतल्या बऱ्याच पोरांना ते पहिल्यांदा भेटतं ते डोमिसाईलच्या फॉर्मवर. बारावीनंतर सीईटीच्या अ‍ॅडमिशनला लागतं ना तेच, त्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’. माझ्या भाचीने १७ व्या वर्षी काढलं, घरी येऊन दोनदा वाचलं आणि म्हणाली, मामा, मी भारतीय आहे असं माझ्या नावाने पहिल्यांदाच कोणीतरी लिहून दिलंय. शाळेत रोज प्रतिज्ञा म्हटलेली, पण तिथे सगळ्यांचा एकच आवाज.

आता थोडं मागे जाऊ. घटना आली तेव्हा मतदानाचं वय होतं २१. म्हणजे कॉलेज संपलं, नोकरी लागली तरी कित्येकांना मत नाही. ६१ वी घटनादुरुस्ती झाली, ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली आणि वय १८ वर आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरच्या लोकसभेला ही पोरं पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. तरी एक मेख राहिलीच. मतदार यादीसाठी १८ पूर्ण झाली का हे फक्त १ जानेवारीला बघायचे, त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेला पुढच्या यादीपर्यंत लटकला. २०२२ मध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आणि १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करायची सोयही आली. मला वाटतं हा बदल १९८९ इतकाच मोठा, फक्त त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पण मुंबईचं दुखणं वेगळं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, २२७ च्या २२७ नगरसेवकांच्या खुर्च्या रिकाम्या. भाची तेव्हा आठवीत. पुस्तकात स्थानिक शासन वाचायचं आणि घरी पाण्याला प्रेशर नसलं की विचारायचं, आपला नगरसेवक कोण, तर उत्तर एकच, आता कोणी नाही. दहावी झाली, अकरावी झाली, तरी तेच. समजायच्या वयात ज्यांनी निवडून आलेला माणूस पाहिलाच नाही त्यांना राजकारणात रस नाही म्हणणं मला पटत नाही.

शेवटी निवडणूक लागली १५ जानेवारी २०२६ ला. मतदार यादी धरली १ जुलै २०२५ ची. भाचीला १८ पूर्ण झाली नोव्हेंबरात. त्या दिवशी सकाळी आजीला हाताला धरून केंद्रापर्यंत घेऊन गेली आणि आजी बाहेर येईपर्यंत गेटपाशी चपला सांभाळणाऱ्यासारखी उभी राहिली, आजीचं शाईचं बोट बघायला.